हजेरीपटावर सूर्य, कामावर कोळसा

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. लिहून काढताना बोलीचं वळण तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय असा आहे : जगातल्या मोठ्या देशांत ऊन-वाऱ्याची वीज झपाट्याने वाढतेय, तरी हे देश कोळसा आणि तेल सोडत का नाहीत? ह्या विषयावर आजवर सूटबूटवाले बोलत आले. आपल्या वस्तीत विजेवर चर्चा होते ती मीटर कापायला माणूस आला की. म्हणून मी हा विषय मुद्दाम मागून घेतला. मी दहावी पास आहे, कविता लिहितो आणि गोदीत ठेकेदाराच्या टोळीत कोळसा उतरवतो. शास्त्रज्ञ नाही. पण ज्याच्या अंगावरून माल जातो त्याला मालाचा हिशेब कळतो. तेवढ्या हक्काने बोलतो. मधे प्रश्न सुचला तर अडवा.

सुरुवात पेपरातल्या आकड्यापासून करू.

२०२५ च्या जूनमध्ये आपल्या देशाने एक मोठी मजल गाठली. देशात वीज तयार करायची जेवढी क्षमता उभी आहे, तिच्यातली निम्मी आता कोळसा-तेल-गॅसशिवायची झाली. ऊन, वारा, पाणी, अणू सगळं धरून. जगाला शब्द दिला होता २०३० चा, तो पाच वर्षं आधी पुरा झाला. आकडा खरा आहे. पण ह्याच देशात तयार होणाऱ्या चार युनिटांपैकी तीनच्या आसपास युनिटं अजून कोळशातून येतात. मग ते निम्मं गेलं कुठं?

गोदीतल्या माणसाला हे समजायला दोन मिनिटं लागत नाहीत. समजा, हजेरीपटावर शंभर नावं आहेत. पन्नास एका टोळीची, पन्नास दुसऱ्या टोळीची. पहिली टोळी तिन्ही पाळ्या ओढते. दुसरी ऊन चढल्यावर येते आणि दिवस कलला की घरी जाते. पटावर नावं निम्मी-निम्मी. पण जहाज कोणी रिकामं केलं? क्षमता म्हणजे पटावरचं नाव. वीज म्हणजे उचललेला माल. सोलरचा एक मेगावॅट वर्षभरात आपल्या पुऱ्या ताकदीच्या पाचव्या हिश्श्याएवढंच काम करतो. कारण रात्र आहे, ढग आहेत, आपला चार महिन्यांचा पावसाळा आहे. ह्यात सूर्याचा काही गुन्हा नाही. दुपारची वीज रात्रीसाठी साठवायला बॅटऱ्या लागतात, धरणात पाणी वर चढवून ठेवावं लागतं, लांब लांब तारा ओढाव्या लागतात. ते काम आत्ता कुठे सुरू झालंय. गुन्हा आहे तो हजेरीपट दाखवून मालाची शाबासकी घेणाऱ्यांचा.

आणि गंमत बघा. २०२४-२५ ह्या वर्षात ह्या देशाने पहिल्यांदा एका वर्षात १०० कोटी टनांहून जास्त कोळसा खणला. त्याचाही गौरव झाला. एका हाताने सूर्याची आरती, दुसऱ्या हाताने कोळशाची आरती. पुजारी तोच.

आता दुसरी गोष्ट, जी पेपरवाले सांगत नाहीत. वीज म्हणजे सगळी ऊर्जा नव्हे. जगात माणसं शेवटी जी ऊर्जा वापरतात तिच्यात विजेचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे. बाकीची कुठे आहे? ट्रकच्या डिझेलमध्ये. जहाजाच्या इंजिनात जळणाऱ्या जाड काळ्या तेलात. पोलादाच्या भट्टीत, सिमेंटच्या भट्टीत, युरिया बनवणाऱ्या गॅसमध्ये, विमानात, तुमच्या घरातल्या सिलिंडरात. सगळी बेरीज केली तर २०२४ सालीही जगाच्या ऊर्जेतली चार पंचमांश जमिनीखालून काढलेली होती. कोळसा, तेल, गॅस. त्याच २०२४ मध्ये जगाने तोवरचा सगळ्यात जास्त कोळसा जाळला, ८८० कोटी टनांच्या घरात. आणि त्याच २०२४ मध्ये ऊन-वाऱ्याची नवी यंत्रंही तोवरची सगळ्यात जास्त बसवली गेली. दोन्ही उच्चांक एकाच वर्षी.

म्हणजे आजवर झालं काय? जुनं उतरवून नवं चढवलेलं नाही. जुन्याच्या डोक्यावर नवं रचलंय. थप्पीवर थप्पी. सगळ्यात खालचं पोतं कोळशाचं आहे, आणि ते कोणाच्या पाठीवर आहे हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

आता देशोदेशी एक फेरी मारू. पासपोर्ट लागत नाही. धक्क्यावर उभं राहिलं की जग आपोआप समोर येतं.

पहिला चीन. ह्या देशाने सूर्यावर जे काम केलं ते नाकारणारा आंधळा आहे. एकट्या २०२४ मध्ये त्यांनी २७७ गिगावॅट सोलर बसवलं. आपल्या देशाने आयुष्यभरात मिळून १०० गिगावॅटचा टप्पा गाठला जानेवारी २०२५ मध्ये. चीनने २०३० साठी ठरवलेलं ऊन-वाऱ्याचं उद्दिष्ट २०२४ मध्येच ओलांडलं. जगातले पाचातले चार पॅनेल त्यांच्याकडे बनतात, म्हणून पॅनेल स्वस्त झाले, म्हणून गरीब देशांनाही परवडायला लागले. हे झालं एक तोंड. दुसरं तोंड असं की जगात जळणाऱ्या कोळशातला निम्म्याहून जास्त कोळसा एकटा चीन जाळतो. २०२४ मध्ये त्यांनी पावणेपाचशे कोटी टनांच्या आसपास कोळसा खणला. आणि त्याच वर्षी ९४ गिगावॅटहून जास्त नव्या कोळसा-वीजघरांचं बांधकाम सुरू केलं. दहा वर्षांतलं सगळ्यात जास्त. का? दुष्काळात धरणं आटली, २०२१ आणि २०२२ मध्ये कारखाने बंद ठेवायची पाळी आली, त्याचा धसका. प्रांतांना आपला कोळसा, आपले कंत्राटदार, आपला कर सांभाळायचाय. आणि जगातलं निम्म्याहून जास्त पोलाद तिथल्या भट्ट्यांतून निघतं. त्या भट्ट्या बहुतेक कोळशावरच चालतात.

दुसरी अमेरिका. इथे कोळसा खरोखर उतरलाय. २०२४ मध्ये तिथे ऊन आणि वारा मिळून कोळशाच्या पुढे गेले. टाळ्या वाजवायच्या आधी थांबा. कोळशाची जागा मुख्यतः घेतली गॅसने. तिथल्या विजेतली चाळीस टक्क्यांहून जास्त वीज गॅसची आहे. २०१८ पासून अमेरिका जगातला सगळ्यात मोठा कच्च्या तेलाचा उत्पादक आहे. २०२३ मध्ये ती जहाजातून द्रवरूप गॅस विकणाराही सगळ्यात मोठा देश झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी ऊन-वाऱ्याला सवलती देणारा मोठा कायदा केला. सरकार बदललं. २० जानेवारी २०२५ ला, पहिल्याच दिवशी, पॅरिस करारातून बाहेर पडण्याचा आदेश निघाला. ४ जुलै २०२५ ला नव्या कायद्यावर सही झाली आणि त्या सवलतींना कात्री लागली. तीन वर्षांत कायदा आला आणि मोडला. आपल्याकडे सवलती, राखीव जागा कशा कागदावर येतात आणि कागदावरच झिजतात ते आपण बघतोच. सूर्याचंही तसंच केलं.

तिसरा जर्मनी. शहाण्यांचा देश. २०२३ पासून तिथल्या वापरातली निम्म्याहून जास्त वीज ऊन, वारा, पाणी वगैरेंची आहे. पण वीज सोडून बाकी सगळं मोजलं, मोटारी, कारखाने, थंडीत घरं गरम ठेवणं, तर चारातला तीन हिस्से कारभार अजून तेल, गॅस आणि कोळशावर. २०२२ मध्ये रशियाचा गॅस बंद झाला तेव्हा ह्याच शहाण्यांनी बंद ठेवलेली कोळशाची वीजघरं पुन्हा पेटवली. जानेवारी २०२३ मध्ये ल्युत्सेराथ नावाचं गाव पोलिसांनी रिकामं केलं. गाव खाणीच्या तोंडावर होतं. पोरं झाडांवर चढून बसली होती, ती उतरवली. कोळशासाठी गाव उठवणं म्हणजे फक्त झारखंडात आणि चंद्रपुरात होतं असं समजू नका.

पण जर्मनीची एक गोष्ट डोक्यात ठेवा, नंतर लागणार आहे. २०२० मध्ये त्यांनी कोळसा बंद करायचा कायदा केला. उशिरात उशिरा २०३८. आणि त्याच्याच जोडीला कोळशाच्या भागांसाठी ४० अब्ज युरोपर्यंत पैसा बांधून ठेवला. वय झालेल्या कामगारांना पेन्शन सुरू होईपर्यंत भत्ता. म्हणजे खाण बंद करताना माणसाचा हिशेब कायद्यात लिहिला.

चौथा इंग्लंड. जगातलं पहिलं सार्वजनिक कोळसा-वीजघर लंडनमध्ये १८८२ साली सुरू झालं. आणि त्यांचं शेवटचं कोळसा-वीजघर, रॅटक्लिफ, ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. १४२ वर्षं. ज्यांनी कोळशाच्या जोरावर अर्ध्या जगावर राज्य केलं, आपल्यावर केलं, त्यांनी विजेपुरता कोळसा सोडला. म्हणजे कोळसा सोडता येतो. 'अशक्य आहे' म्हणणाऱ्याच्या तोंडावर हे मारा. पण त्यातलीही दुसरी बाजू बघा. तिथल्या खाणकामगारांनी १९८४-८५ मध्ये वर्षभर संप केला. थॅचरबाईंनी तो मोडला. तेव्हा हवामानाचं नाव कोणाच्या तोंडात नव्हतं. युनियन मोडायची होती. खाणी बंद झाल्या, खाणीची गावं रिकाम्या डब्यासारखी पडून राहिली. कोळसा गेला खरा, पण माणसांना बरोबर घेऊन बुडाला.

चार देशांची चार तऱ्हा झाली. आता नवी खबर. २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत जगभर मिळून ऊन, वारा, पाणी वगैरेंची वीज पहिल्यांदा कोळशाच्या विजेपेक्षा जास्त झाली. त्या सहा महिन्यांत चीन आणि भारतात कोळसा-तेल-गॅसची वीज थोडी घटली. अमेरिकेत आणि युरोपात उलट वाढली. म्हणजे आपल्याला उपदेश करणारे चढले आणि उपदेश ऐकणारे उतरले. एवढ्याने नाचायला नको. सहा महिने म्हणजे एक पाळी. पण पहिल्यांदा असं दिसलं की नवं पोतं जुन्याच्या डोक्यावर न चढता त्याच्या जागी येऊ शकतं.

मग प्रश्न राहतो : येऊ शकतं तर येत का नाही? इतकं हळू का?

इथे मी गोदीचा हिशेब मांडतो. वही असेल तर उतरवून घ्या.

चाळीस फुटी कंटेनरमध्ये मोठे सोलर पॅनेल सहाशेच्या आसपास बसतात. त्यांची ताकद सव्वातीनशे किलोवॅटच्या आसपास. आपल्या उन्हात ते वर्षाला पाच लाख युनिटं देतील. पंचवीस वर्षं चालतात. शेवटी शेवटी थोडे थकतात, माणसासारखेच. सगळं धरून आयुष्यभरात एक कोटी वीस लाख युनिटं म्हणा. आता कोळशाचा ५०० मेगावॅटचा संच घ्या. तो चोवीस तास पुऱ्या ताकदीने चालला तर तेवढीच, एक कोटी वीस लाख युनिटं देतो. एका दिवसात. आणि त्या एका दिवसात सात-आठ हजार टन देशी कोळसा खातो.

कळलं का? एक कंटेनर एकदा उतरवला की काम संपलं. पुन्हा पंचवीस वर्षांनी. त्याच विजेसाठी कोळसा आठ हजार टन खणायचा, धुवायचा, रेल्वेत भरायचा, नाहीतर जहाजात भरून समुद्र ओलांडून आणायचा, उतरवायचा, जाळायचा, राख उचलायची. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

कोळशाच्या धंद्याचा जीव ह्या 'पुन्हा'त आहे. प्रत्येक 'पुन्हा'वर कोणीतरी कमावतं. खाणवाला, दलाल, जहाजवाला, ठेकेदार, बँक, रॉयल्टी घेणारं राज्य. समुद्रावरून जहाजांतून जो माल जातो, त्याचा वजनाने तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग नुसता कोळसा, तेल आणि गॅस आहे. इंधन वाहण्यासाठी जहाजं, आणि त्या जहाजांना चालवायला पुन्हा इंधन. आपल्या देशाने एवढा कोळसा खणून २०२४-२५ मध्ये वर आणखी २४ कोटी टनांच्या आसपास बाहेरून आणला. सूर्य आला की हे 'पुन्हा' बंद होतं. ज्याचं पोट पुन्हावर भरतं तो सूर्याला मनापासून कसा आणेल? तो सूर्य आणेल, पण वरून. कोळसा ठेवून.

तुम्ही म्हणाल, ही भांडवलदारांची गोष्ट झाली. थांबा. त्या 'पुन्हा'त आपणही अडकलोय. रेल्वेच्या मालवाहतुकीतलं निम्म्याच्या आसपास वजन कोळशाचं आहे. मालाच्या भाड्यातून जे उरतं त्यातून प्रवाशांच्या तिकिटाची तूट भरली जाते. म्हणजे दसऱ्याला आपण दीक्षाभूमीला जातो, ६ डिसेंबरला लोक नागपूर-नांदेडकडून दादरला येतात, त्या जनरलच्या डब्याच्या तिकिटातले काही पैसे कोळशाने भरलेले असतात. कोळसा गेला की ती तूट कोण भरणार? तिकीट वाढवणार की श्रीमंतावर कर बसवणार? हे आत्ताच विचारायला पाहिजे.

आणि माझं पोट. माझी हजेरी कोळशाच्या जहाजावर आहे. जहाज नाही तर हजेरी नाही. ज्या दिवशी हा देश कोळसा आणायचा बंद करेल, त्या दिवशी माझ्या टोळीतले सगळे रिकामे होतील. ठेक्यावरचा माणूस, त्याला नोटीस लागत नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर पास चालत नाही, एवढंच. हे माहीत असून मी तुमच्यापुढे उभा राहून सांगतोय की कोळसा गेला पाहिजे. का, ते सांगतो.

जहाजाच्या पोटात मधला कोळसा क्रेनचा ग्रॅब उचलतो. कोपऱ्यातला, कडेचा, ग्रॅबच्या तोंडात येत नाही. तो फावड्याने ओढून मधे आणायला माणूस उतरवतात. खाली गेलं की वरचं आभाळ खिडकीएवढं दिसतं. भुकटी उडते. तोंडाला रुमाल बांधला तरी पाळी संपल्यावर थुंकी काळी पडते. घरी साबण लावला की आधी काळं पाणी, मग करडं, मग माणूस. आमच्यातला एक म्हातारा आहे, तो आता जिना चढताना मधे दोनदा बसतो. त्याच्या कागदावर कुठेही 'कोळसा' हा शब्द नाही. ठेकेदार बदलत गेले, त्याची नोंद कुठल्याच वहीत शिल्लक नाही.

ही एका टोळीची गोष्ट नाही. झारियात जमिनीखाली कोळशाला लागलेली आग १९१६ पासून जळतेय आणि तिच्या वर माणसं राहतात. चंद्रपुरात २,९२० मेगावॅटचं वीजघर आहे. मुंबई-पुण्याचे दिवे झगमगावेत म्हणून चंद्रपूर धूर गिळतं. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडीच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचं पाणी गावांत, शेतांत शिरलं. गोव्यात मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा कर्नाटकातल्या पोलादाच्या कारखान्यांकडे जातो. त्या वाहतुकीसाठी रेल्वेमार्ग दुहेरी होतोय म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला लोक रात्रभर रुळावर जाऊन बसले. कोळसा जिथून जातो तिथे कोणाची वस्ती असते, हे नकाशा काढून बघा. राखेच्या तलावाशेजारी कुठली सोसायटी फ्लॅट विकत नाही.

म्हणून कोळसा गेला पाहिजे. त्यात माझी हजेरी गेली तरी. पण तो कसा जाणार आणि त्याच्या जागी येणारा सूर्य कोणाच्या नावावर असणार, हा खरा लढा आहे. कारण सूर्य सगळ्यांचा, हे शाळेच्या पुस्तकात. जमीन सगळ्यांची नाही. आणि पॅनेल आभाळात लागत नाही, जमिनीवर लागतं.

कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात पावगड आहे. दुष्काळी तालुका. तिथे १३,००० एकरांच्या आसपास जमिनीवर २,०५० मेगावॅटचा सोलर पार्क उभा राहिला. जमीन हिसकावली नाही, भाड्याने घेतली. एकरी वर्षाला २१,००० रुपये, पुढे वाढत जाणारे. मोठं कौतुक झालं. ज्याच्याकडे पन्नास एकर होती त्याचं भलं झालं. पण ज्याच्याकडे एकरही नव्हतं, जो त्या जमिनीवर खुरपणी करून, भुईमूग उपटून, शेरडं चारून जगत होता? भाडं सात-बारावाल्याला. मजुराचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही. त्यातले कित्येक कोण, ते सांगायला नको. पॅनेलखाली पीक नाही, म्हणजे मजुरी नाही. काहींना गवत कापायला, पॅनेल पुसायला, रात्री राखण करायला घेतलं. बाकीचे शहराकडे. सूर्य उगवला आणि भूमिहीनाचं शेत मावळलं.

आपल्या महाराष्ट्रात बघा. धुळे जिल्ह्यातले विखरणचे धर्मा पाटील, ऐंशी ओलांडलेले शेतकरी. दोंडाईच्याच्या वीज प्रकल्पासाठी जमीन घेतली. आधी नाव कोळशाच्या वीजघराचं, मग सोलरचं. मोबदल्यासाठी हेलपाटे घालून थकले. २२ जानेवारी २०१८ ला मंत्रालयात विष घेतलं, २८ जानेवारीला वारले. फाईलवरचं इंधन बदललं, फाईल चालवायची रीत बदलली नाही. जमीनवाल्या म्हाताऱ्याची ही गत, तर ज्याला जमीनच नाही त्याने मंत्रालयाच्या कुठल्या खिडकीवर उभं राहायचं?

मित्रांनो, हा प्रश्न आपल्यात नवा नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण जयंतीला सांगतो. पण वीज हे खातंही त्यांच्याकडे होतं, हे किती जणांना माहीत आहे? ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या धोरणाच्या बैठकीत त्यांनी आधी हाच प्रश्न टेबलावर ठेवला की वीज खाजगी मालकाच्या हातात असावी की सरकारच्या? वीज स्वस्त आणि भरपूर पाहिजे, कारण तिच्याशिवाय उद्योग नाही, आणि उद्योगाशिवाय गरिबीचा फेरा सुटत नाही, ही त्यांची मांडणी. त्याच वर्षी डिसेंबरात ते धनबादला जाऊन कोळशाच्या खाणीत खाली उतरले. मंत्री खाणीत उतरला. १९४४ मध्ये खाणकामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. कोळशाच्या टनामागे कर आणि त्या पैशातून कामगाराचं घर, पाणी, दवाखाना. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर मूळ उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत असं त्यांनी घटनेतच लिहायला मागितलं.

हा माणूस वीज म्हणजे काय हे जाणत होता. त्याने विजेकडे बघताना एकाच वेळी तीन गोष्टी बघितल्या : वीज किती, मालक कोण, आणि खाली खाणीत कोण. आज जगभर परिषदा होतात. २०२१ ला ग्लासगो, २०२३ ला दुबई. ग्लासगोत कोळसा 'बंद' करायचा की 'कमी' करायचा ह्या एका शब्दावर भांडण झालं आणि चीन-भारताच्या आग्रहाने 'कमी' झाला. दुबईत तेलवाल्या देशात बसून पहिल्यांदा लिहिलं की कोळसा-तेल-गॅसपासून दूर जायचं. पण कधी, कोणी आधी, कोणाच्या पैशाने, ते मोघम. 'वीज किती' ह्यावर रात्र-रात्र चर्चा. 'मालक कोण' ह्यावर कुजबुज. 'खाली कोण' ह्यावर भाषणात एखादं वाक्य.

म्हणून आपण काय मागायचं ते नीट मागू.

एक. हजेरीपट दाखवू नका, उतरलेला माल दाखवा. किती गिगावॅट बसले हे ऐकून झालं. यंदा किती टन कोळसा कमी जाळला, किती पिंपं तेल कमी आणलं, ते सांगा. हा प्रश्न दिल्लीला विचारा, तसाच पेकिंगला, वॉशिंग्टनला, बर्लिनला. ज्यांनी शंभर-दीडशे वर्षं जाळून घेतलं, त्यांनी आधी उतरायचं.

दोन. जर्मनीच्या कायद्यात कामगाराचा हिशेब येतो, तर आपल्या कायद्यात का नाही? आणि फक्त कायम कामगाराचा नको. ठेक्यावरचा, खाणीतला, सायकलवर कोळशाची पोती लादून ढकलत नेणारा, राख उचलणारा, आमच्यासारखा जहाजात उतरणारा, सगळ्यांची आजच नोंद झाली पाहिजे. ज्याची नोंद नाही त्याला उद्या भरपाई नाही. इंग्लंडसारखं माणसांसकट बुडवणं आपल्याला नको.

तीन. सोलरच्या जमिनीचं भाडं सात-बारावाल्याला जातं, तसा त्या जमिनीवर राबणाऱ्या भूमिहीनाचाही वाटा ठरला पाहिजे. गायरानं उचलून कंपन्यांना द्यायची असतील, तर गायरानावर आधी पोट भरणाऱ्यांना विचारा. गायरानाचा लढा मराठवाड्यात आपल्या लोकांनी रक्त सांडून लढलाय. उद्या त्याच गायरानावर पॅनेल दिसले आणि आपण 'वा, पर्यावरण' म्हणून गप्प बसलो, तर आपल्याइतके मूर्ख आपणच.

चार. झोपडीवरचं पत्र्याचं छप्पर बाल्कनीवाल्याच्या गच्चीइतकंच ऊन खातं. त्याच्यावर पॅनेल का नाही? कारण घर आपल्या नावावर नाही, कागद नाही, म्हणून सरकारी सवलतीचा अर्जच भरता येत नाही. घराच्या हक्काचा लढा आणि सूर्याच्या हक्काचा लढा एकच आहे. वेगळे मोर्चे काढायची गरज नाही.

तुमच्यातले काही जण इंजिनिअरिंगला आहेत, आयटीआयला आहेत. वायरमनचा कोर्स करणारे आहेत. हे शिका. पॅनेल, बॅटरी, इन्व्हर्टर, सगळं शिका. नाहीतर नव्या धंद्यातही मालक वरचे, इंजिनिअर वरचे आणि पॅनेल पुसायला फडकं आपल्या हातात. झाडू जाऊन फडकं आलं ह्याला क्रांती म्हणायचं नाही. जे वकिली शिकताहेत त्यांनी ठेक्याचे कागद वाचायला शिका. आणि जे कविता करतात त्यांनी सूर्यावर कविता करायच्या आधी एकदा वीजबिलाची मागची बाजू वाचा.

सोमवारी आमच्या टोळीतल्या सगळ्यांची नावं, वय, किती वर्षं कोळशात, छातीचा त्रास आहे की नाही, हे एका वहीत उतरवायला आपण सुरुवात करतोय. गेटवर ठेकेदार बसू देणार नाही, म्हणून चहाच्या टपरीवर बसू. तीन-चार पोरं लागतील, ज्यांचं अक्षर बरं आहे. भाषण संपल्यावर नाव द्या.

जयभीम.